गोड्या पाण्याची टंचाई

एखाद्या खोऱ्यात दरवर्षी नव्याने मिळणारे गोडे पाणी तिथली वस्ती, शेती, उद्योग आणि खुद्द नदी यांना मिळून पुरत नाही, त्या स्थितीला गोड्या पाण्याची टंचाई म्हणतात. दुष्काळ आणि टंचाई यांची गल्लत नेहमी होते. पाऊस कमी पडला की दुष्काळ येतो आणि पुढच्या चांगल्या पावसाने सरतो. टंचाई मात्र पावसाने सरासरी गाठली तरी हटत नाही, कारण तिथे जमेपेक्षा खर्चच मोठा झालेला असतो.

जमेची बाजू

पृथ्वीवरील एकूण पाण्यापैकी सुमारे ९७.५ टक्के खारे आहे. उरलेल्या २.५ टक्क्यांतले दोन तृतीयांशांहून अधिक बर्फात गोठलेले आहे आणि बाकीचे जवळजवळ सगळे जमिनीखाली आहे. जगातल्या सर्व नद्यांत मिळून कोणत्याही क्षणी जेमतेम २,००० घन किमी. पाणी असते. पण नदीचे पाणी दोन-अडीच आठवड्यांत बदलते, त्यामुळे वर्षभरात वाहून जाणारे पाणी ४०,००० घन किमी.च्या घरात जाते. माणूस नद्या, तलाव आणि विहिरींतून वर्षाला सुमारे ४,००० घन किमी. उचलतो.

दहातला एक वाटा उचलूनही टंचाई का, तर उरलेले पाणी बहुतांशी पुराच्या थोड्या दिवसांत समुद्राला मिळते किंवा ॲमेझॉन आणि काँगोसारख्या विरळ वस्तीच्या खोऱ्यांत वाहते. शिवाय पाणी जड असते. एक घनमीटर म्हणजे एक टन, आणि तो १०० मी. उंच चढवायला पंपातली घट धरून सुमारे ०.४ युनिट वीज लागते. धान्यासारखे पाणी जहाजात भरून नेणे परवडत नाही, म्हणून प्रत्येक खोऱ्याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

टंचाई कशी मोजतात

सर्वांत प्रचलित निर्देशक स्वीडिश जलशास्त्रज्ञ मालिन फाल्केनमार्क यांनी १९८९ मध्ये मांडला. माणशी वर्षाला १,७०० घनमीटरपेक्षा कमी पाणी असेल तर जलताण, १,०००पेक्षा कमी असेल तर टंचाई आणि ५००च्या खाली तीव्र टंचाई. निर्देशक वापरायला सोपा आहे, पण वार्षिक सरासरीत कोरडे महिने झाकले जातात. महिन्यागणिक हिशेब केल्यावर २०१६च्या एका अभ्यासात वर्षातून किमान एक महिना तीव्र टंचाई सोसणाऱ्यांची संख्या सुमारे ४०० कोटी निघाली. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास ध्येयांत वेगळे माप आहे. नदीच्या स्वतःच्या गरजेचे पाणी वजा करून उरलेल्यातला २५ टक्क्यांहून अधिक हिस्सा उचलला जात असेल, तर तिथे ताण सुरू झाला असे मानतात.

नदी भरून वाहते आहे, पण पंप, नळ आणि पैसा नाही, अशाही जागा आहेत. याला आर्थिक टंचाई म्हणतात. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत हा प्रकार मोठ्या प्रमाणावर आढळतो.

उचललेले पाणी आणि संपलेले पाणी

पाण्याच्या हिशेबातल्या बहुतेक चुका हा फरक न पाहिल्याने होतात. नदीतून पाणी घेऊन यंत्र थंड करणारे औष्णिक वीजकेंद्र प्रचंड पाणी उचलते, पण ते बहुतेक सगळे थोडे कोमट करून परत सोडते. घरात आलेल्या पाण्यातला सुमारे ८० टक्के भाग सांडपाणी होऊन बाहेर पडतो. पिकाने पानांवाटे हवेत सोडलेले पाणी मात्र त्या खोऱ्यापुरते संपले.

एका हेक्टरवर १ मिमी. पाणी म्हणजे १०,००० लिटर. उन्हाळ्यात दाट वाढलेले पीक दिवसाला ५ ते ६ मिमी. पाणी ओढते, म्हणजे हेक्टरी ५०,००० ते ६०,००० लिटर. माणशी ५० लिटर धरले तर तेवढ्यात हजारावर माणसांचा दिवस निघतो, आणि त्यांचे बरेचसे पाणी गटारातून परतही मिळते. जगातल्या एकूण उपशात शेतीचा वाटा सुमारे ७० टक्के आहे. संपलेल्या पाण्यात तो याहून बराच मोठा आहे.

यातूनच ठिबक सिंचनाचा तिढा निर्माण होतो. मोकाट पाणी दिलेल्या शेतात जे ‘वाया’ जाते, त्यातले पुष्कळसे मुरून खालच्या अंगाच्या विहिरीत किंवा ओढ्यात उतरते. ठिबक बसवले की हे मुरणे थांबते, वाचलेल्या पाण्यावर क्षेत्र वाढवले जाते आणि पिकांनी पानांवाटे हवेत सोडलेले एकूण पाणी, म्हणजे बाष्पोत्सर्जन, वाढते. शेत हिरवे दिसते आणि शेजारची विहीर आटते. बचत खरी ठरते ती मुरणारे पाणी समुद्रात किंवा खाऱ्या थरात जाणार असेल तेव्हा, किंवा उघड्या मातीतून उडणारी वाफ थांबत असेल तेव्हा. उपशाचा परवाना देताना क्षेत्रावर मर्यादा घातली नाही, तर नळ्यांवरचे अनुदान टंचाई कमी करत नाही.

ठिबक संचाचे दुखणे बहुधा एकच असते, ते म्हणजे चोंदणे. ड्रिपर ताशी २ ते ४ लिटर सोडतो आणि त्याची वाट एखाद्या मिलिमीटरची असते. तळ्याच्या पाण्यात शेवाळ असते, त्याला वाळूची गाळणी लागते. बोअरच्या पाण्यातल्या रेतीला हायड्रोसायक्लोन, म्हणजे पाणी गरगर फिरवून रेती वेगळी करणारे भांडे. दोन्हींच्या पुढे सुमारे १२० मेशची (इंचाला १२० छिद्रांची) जाळी बसवतात. गाळणीच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातला फरक वाढू लागला की ती उलट्या प्रवाहाने धुवायची. पहिल्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली दहा मिनिटे पेला ठेवून दोन्हींतले पाणी मोजले, की संचाचे आरोग्य कळते. शेवटचा पेला बराच रिकामा असेल, तर आधी नळीचे टोक उघडून गाळ काढावा. पाणी कठीण, म्हणजे चुन्याच्या क्षारांचे, असेल तर चुन्याचे थर विरघळवायला सौम्य आम्ल सोडावे लागते.

क्षारांचा हिशेबही ठेवावा लागतो. लिटरला ५०० मिग्रॅ. क्षार असलेले पाणी चवीला ठीक लागते. पण हंगामात ६०० मिमी. दिले, तर हेक्टरी ३ टन क्षार जमिनीत येतात. पीक पाणी घेते, क्षार मागे ठेवते. ठिबकमध्ये ते ओलाव्याच्या कडेला गोळा होतात आणि पहिल्या हलक्या सरीने परत मुळांकडे ढकलले जातात. म्हणून खारवट जमिनीत पाऊस सुरू झाल्यावरही काही वेळ ठिबक चालू ठेवतात. निचरा नसेल तर कोणतीही पद्धत जमीन वाचवू शकत नाही. मध्य आशियातील अरल समुद्राच्या खोऱ्यात १९६०च्या दशकापासून कापसासाठी अमू दर्या आणि सिर दर्या या नद्या वळवल्या गेल्या, त्यात समुद्र आटला आणि शेतेही खारावली.

शहरातली गळती

दाट वस्तीत टंचाईचे पहिले उत्तर जमिनीखालच्या नळांत असते. एका भागाचे पाणी एकाच मीटरमधून सोडायचे आणि रात्री २ ते ४ या वेळेत तो वाचायचा. लोक झोपलेले असताना जे वाहते, ते मुख्यतः गळतीचे. दाब निम्मा केला तर लोखंडी नळाच्या ठरावीक छिद्रातली गळती सुमारे ३० टक्क्यांनी घटते. प्लॅस्टिकच्या नळातली चीर दाबाने उघडते, त्यामुळे तिथे घट याहून अधिक. कंबोडियाची राजधानी नॉमपेन्हमध्ये १९९३ साली ७२ टक्के पाणी गळती आणि चोरीत जात होते. मीटर, दुरुस्ती आणि वसुलीच्या जोरावर ते सुमारे ६ टक्क्यांवर आले. पाणी पाळीपाळीने सोडणे हा मात्र वाईट उपाय आहे. नळ रिकामा झाला की त्याच छिद्रांतून बाहेरचे सांडपाणी आत ओढले जाते.

घरात सर्वांत लपलेली गळती फ्लशच्या टाकीची. टाकीत खाण्याचा रंग टाकून अर्धा तास फ्लश करू नये. भांड्यात रंग उतरला, तर टाकीतला रबरी पडदा बदलावा.

भूजल

विहिरीची पातळी खाली जाणे हे दिसणारे नुकसान. चिकणमातीचे थर पाणी काढल्यावर दबतात आणि पुन्हा फुगत नाहीत. मेक्सिको सिटी खचली ती अशी. किनाऱ्यावर गोडे पाणी खाऱ्यावर तरंगत असते. समुद्रसपाटीच्या वर १ मी. गोडे पाणी असेल, तर खाली सुमारे ४० मी. असते. म्हणजे उपशाने पातळी एक मीटर घटली, की खारे पाणी चाळीस मीटर वर चढू शकते.

नवे पाणी

समुद्राचे पाणी आरओ पद्धतीने, म्हणजे दाबाने सूक्ष्म पडद्यातून गाळून, गोडे करायला घनमीटरला ३ ते ४ युनिट वीज लागते. आत घेतलेल्या पाण्यापैकी साधारण निम्मेच गोडे होते, उरलेले जवळपास दुप्पट खारट होऊन परत जाते. पिण्यासाठी हा खर्च परवडू शकतो, गव्हासाठी नाही. सांडपाणी शुद्ध करायला याहून कमी वीज लागते. नामिबियातील विंडहूक शहर १९६८ पासून शुद्ध केलेले सांडपाणी थेट पिण्याच्या पाण्यात मिसळत आले आहे. तिथे कारखान्यांचे सांडपाणी घरगुती सांडपाण्यापासून वेगळे वाहून नेतात, कारण शुद्धीकरण प्रकल्पाला विष्ठेपेक्षा अनोळखी रसायने जड जातात.