कोणीच पूर्ण न सोडवलेली प्रश्नपत्रिका

‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी मूल्यमापन चाचणीचे निकाल लागले की देशांच्या क्रमवारीची बातमी होते आणि कुठली मुले जास्त हुशार यावर चर्चा रंगते. प्रत्यक्षात ही परीक्षा मुलांची नसतेच. शालान्त परीक्षा एकेका विद्यार्थ्याचा निकाल लावते, तर २००० सालापासून १५ वर्षांच्या मुलांचे नमुने निवडून घेतली जाणारी ‘पिसा’ शिक्षणव्यवस्थेचे मोजमाप करते, आणि हेतू वेगळा असल्यामुळे प्रश्नपत्रिकेची घडणही निराळी असते.

२००३ च्या फेरीत एकूण साडेसहा तासांचे प्रश्न होते, पण एका मुलाला दोनच तास बसवायचे होते. म्हणून प्रश्नांचे अर्ध्या तासाचे १३ गट पाडले आणि प्रत्येकी चार गटांच्या १३ पुस्तिका तयार केल्या. पहिल्या पुस्तिकेत १, २, ४ आणि १० हे गट घ्यावेत. प्रत्येकात एक मिळवला की दुसरी पुस्तिका मिळते, २, ३, ५, ११. आणि १३ च्या पुढे गेल्यास पुन्हा १ पासून मोजावे. असे तेरा वेळा केल्यावर कोणतेही दोन गट नेमक्या एकाच पुस्तिकेत एकत्र येतात. एका पुस्तिकेत सहा जोड्या, म्हणजे तेरांत ७८, आणि १३ गटांच्या शक्य जोड्याही तेवढ्याच! शिवाय प्रत्येक गट एकदा सुरुवातीला, एकदा शेवटी आणि मधल्या दोन्ही जागी एकेकदा येत असल्यामुळे थकलेल्या मुलांच्या चुकांचा भार सर्व गटांवर सारखा पडतो. गटांना बिंदू आणि पुस्तिकांना रेषा मानले, तर भूमितीत हीच रचना १३ बिंदू आणि १३ रेषांचे सांत (मर्यादित बिंदूंचे) प्रक्षेपी प्रतल म्हणून ओळखली जाते; त्यात कोणत्याही दोन बिंदूंतून नेमकी एकच रेषा जाते.

मग वेगवेगळ्या पुस्तिकांची तुलना कशी करायची? डॅनिश गणिती गेऑर्ग राश यांनी १९६० साली मांडलेल्या प्रारूपानुसार उत्तर बरोबर येण्याची संभाव्यता मुलाची क्षमता आणि प्रश्नाची काठिण्यपातळी यांतील फरकावर अवलंबून असते, आणि सामाईक गटांमुळे सर्व पुस्तिका एकाच मापपट्टीवर बसतात. मात्र थोडेच प्रश्न सोडवल्यामुळे एकेका मुलाची क्षमता धूसरच राहते. म्हणून तिचे एक मूल्य न ठरवता संभाव्य मूल्यांच्या वितरणातून त्या फेरीत प्रत्येकासाठी पाच मूल्ये यादृच्छिकपणे काढली गेली. देशाची सरासरी यातून नीट मिळते, पण तिलाही त्रुटीची मर्यादा असते, त्यामुळे दोन-तीन गुणांनी वर गेलेल्या क्रमांकाचा जल्लोष हस्तरेषा वाचण्याइतकाच शास्त्रीय ठरतो.

ही चाचणी दिलेल्या मुलाच्या हाती गुणपत्रिका पडत नाही, ती याच कारणाने.