ग्लुकोमीटरची पट्टी आणि सरबतातली साखर

‘घरच्या ग्लुकोमीटरच्या पट्टीवर पेयाचा थेंब टाका. आकडा कमी आला तर पेय मधुमेहींना चालेल,’ असा सल्ला बरीच वर्षं फिरतोय. पटण्यासारखा आहे, कारण पट्टी साखरच मोजते. पण कुठली साखर?

पट्टीवरचं एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) मुख्यतः ग्लुकोजच ओळखतं. त्याच्याशी क्रिया झाली की इलेक्ट्रॉन सुटतात, त्यांचा बारीक प्रवाह यंत्र मोजतं आणि आकडा दाखवतं. चहात घालतो ती साखर म्हणजे सुक्रोज. त्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज एकमेकांना जोडलेले असतात, म्हणून पट्टीला ते जवळपास दिसतच नाही. पोटात गेल्यावर मात्र ही जोडी सुटते आणि रक्तातली साखर वाढते. ताज्या उसाच्या रसातली बहुतेक साखर सुक्रोजच, म्हणजे घोटाळा किती मोठा ते बघा.

शिवाय यंत्र रक्तासाठी जुळवलेलं असतं. लिंबू सरबतातलं आम्ल, क जीवनसत्त्व यांनी आकडा कुठेही भरकटू शकतो.

खात्री करायचीय? साध्या पाण्यात चमचाभर साखर विरघळवून थेंब पट्टीला लावा. बहुधा ‘लो’ किंवा एरर येईल. (पट्ट्या महाग असतात, एकच पुरे.)

प्रयोगशाळेतले सेन्सर आधी इन्व्हर्टेज एन्झाइमने सुक्रोज फोडतात, नमुना पातळ करतात, मग मोजतात. घरी बाटलीवरची ‘एकूण साखर’ वाचा. १०० मिलिलिटरला १० ग्रॅम असेल, तर २५० मिलिलिटरच्या ग्लासात २५ ग्रॅम.