डिजिटल कॅमेऱ्याची निवड

डिजिटल कॅमेऱ्याची निवड म्हणजे फोटो कशाचे, किती उजेडात आणि कशासाठी काढायचे हे आधी ठरवून त्याप्रमाणे कॅमेरा व लेन्स घेणे. इंदूरसारख्या शहरात हौशी माणसाच्या गरजा सराफ्यातल्या रात्रीपासून सिरपूर तलावावरच्या सकाळपर्यंत पसरलेल्या असतात. त्या सगळ्या एकाच कॅमेऱ्यात चांगल्या भागत नाहीत.

दुकानात आधी मेगापिक्सेल (एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख पिक्सेल, फोटोतले ठिपके) सांगतात. त्यांना फार महत्त्व देऊ नये. १२ × १८ इंचांचा फोटो इंचाला ३०० ठिपक्यांनी छापायला सुमारे १.९४ कोटी पिक्सेल लागतात, ८ × १२ इंचांना ८६ लाख. म्हणजे मुंजीच्या अल्बमला २४ मेगापिक्सेल भरपूर झाले. खरा फरक सेन्सरच्या, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपच्या, आकाराने पडतो. फुल-फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिमी, एपीएस-सी साधारण २३.५ × १५.६ मिमी, तर साध्या खिशातल्या कॅमेऱ्याचा जेमतेम ६.२ × ४.६ मिमी असतो. सेन्सर लहान असला की कमी उजेडात फोटोत नॉइज (दाणेदारपणा) लवकर दिसू लागतो.

सराफ्यात सोन्याचांदीची दुकाने बंद झाल्यावर खाऊगल्ली भरते. तिथे हवेत उडवलेला दहीवडा टिपायचा तर शटर १/२५० सेकंद किंवा त्याहून कमी वेळ उघडे राहायला हवे. कॅमेऱ्यासोबत मिळणारी झूम लेन्स पुढे ताणली की बहुधा एफ/५.६ वर येते (एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे). एफ/१.८ ची लेन्स तिच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते, म्हणून जिथे १/२५ वर हात हलून फोटो बिघडला असता तिथे १/२५० मिळते. महागड्या बॉडीपेक्षा (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यापेक्षा) अशी एक लेन्स आधी घ्यावी. मात्र एपीएस-सी कॅमेऱ्यावर ५० मिमीची लेन्स (मिमी म्हणजे लेन्सची फोकल लांबी; ती जितकी जास्त तितके दृश्य जवळ) त्या गर्दीत फार जवळचे दाखवते. ३५ मिमी बरी.

सिरपूरला (२०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) अडचण उलटी: ऊन पुष्कळ, पक्षी लांब. तिथे ४०० मिमी किंवा अधिक पल्ला लागतो. एपीएस-सीवर ३०० मिमीची लेन्स फुल-फ्रेमवरच्या ४५० मिमीएवढे दृश्य देते, हा त्याचा मोठा फायदा. लहान सेन्सरचा, लांब झूमचा ब्रिज कॅमेराही उन्हात उत्तम चालतो. सांज झाली की तो मागे पडतो. उन्हात पडद्यावरचे नीट दिसत नाही, म्हणून व्ह्यूफाइंडर (डोळा लावून पाहायची खिडकी) असावाच.

रंगपंचमीच्या गेरीत (इंदूरच्या रंगाच्या मिरवणुकीत) टँकरमधून रंगाचे पाणी आणि वरून गुलाल येतो. ‘वेदर-सील्ड’ (धूळ-पावसापासून राखलेला) लिहिलेला कॅमेराही अशा फवाऱ्यासाठी बनवलेला नसतो. पाण्यात चालणारा छोटा कॅमेरा न्यावा, नाहीतर पूर्ण आवरण घालावे, आणि रस्त्यात लेन्स बदलू नये.

मराठी नाटकाच्या तालमीत मिररलेसचे (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्याचे) आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर सोयीचे वाटते. पण ते फोटो ओळीओळीने वाचते, त्यामुळे काही एलईडी दिव्यांखाली आडवे पट्टे उमटतात. विकत घेण्यापूर्वी शक्य तर अशाच दिव्यांखाली हे तपासावे.

जुना डीएसएलआर (आरशातून दृश्य दाखवणारा कॅमेरा) घेणे शहाणपणाचे ठरू शकते: बॉडी स्वस्त पडते आणि उरलेले पैसे लेन्सवर खर्चता येतात. शटर किती वेळा उघडले आहे ते विचारावे. लेन्समधून टॉर्च मारून बुरशीचे धागे दिसतात का ते पाहावे. पावसाळ्यात कपाटात बंद राहिलेल्या लेन्सला बुरशी सहज धरते. धागे दिसले तर किंमत कितीही उतरवली तरी ती लेन्स घेऊ नये.