‘ओ’ रक्तही ज्यांना चालत नाही

नौपाड्यातल्या आमच्या मंडळाचं रक्तदान शिबिर मे महिन्यात असतं. मुद्दाम मेमध्येच. निम्मं ठाणं तेव्हा गावी गेलेलं असतं, कॉलेजं बंद असतात आणि रक्तपेढ्यांना रक्त कमी पडू लागतं. नाव नोंदवलं की पहिल्या टेबलावर निळ्याशार पाण्याचं छोटं भांडं दिसतं. ते मोरचुदाचं द्रावण. बोटाला टोचून काढलेला थेंब त्यात सोडतात. तांबं आणि रक्तातली प्रथिनं मिळून त्याच्याभोवती लगेच पातळ पापुद्रा धरतो, त्यामुळे काही सेकंद तो विरघळत नाही, मण्यासारखा शाबूत राहतो. बुडाला तर १०० मिलिलिटर रक्तात निदान १२.५ ग्रॅम हिमोग्लोबिन आहे, रक्त द्यायला हरकत नाही.

यंदा आमच्या इमारतीतल्या काकूंचा थेंब बुडेना. वरच घुटमळत राहिला.

“माझं रक्त पातळ झालंय का रे?” त्यांनी विचारलं. पातळ नव्हे, हलकं. एकेका लाल पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात आणि प्रत्येक रेणूत लोहाचे चार अणू. हे प्रथिन कमी पडलं की रक्ताची घनताच उतरते. काकूंना वाईट वाटलं ते वेगळ्याच कारणाने. “माझं ओ पॉझिटिव्ह, कुणालाही चालणारं. फुकट गेलं की!”

‘ओ कुणालाही चालतं’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय. ते पुरतं खरं नाही. ओ पॉझिटिव्ह रक्त निगेटिव्ह गटाच्या माणसाला सहसा देत नाहीत, एवढं बऱ्याच जणांना माहीत असतं. पण ओ निगेटिव्हही ज्यांना चालत नाही, अशी माणसं आहेत. आणि त्यांच्या रक्तगटाला आपल्याच शहराचं नाव आहे: बॉम्बे.

लाल पेशीच्या अंगावर साखरेच्या रेणूंच्या माळा असतात. पायाची माळ म्हणजे ‘एच’. तिच्या टोकाला एक विशिष्ट साखर जोडली की ए गट, दुसरी जोडली की बी, दोन्ही असल्या की एबी. काहीच जोडलं नाही तर उघडी एच उरते, आणि तोच ओ गट. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये रक्तगटांची ही विभागणी मांडली, साखरांचा उलगडा मात्र बराच नंतर झाला.

आपल्या पेशींवर जी साखर नाही तिच्याविरुद्ध शरीर प्रतिपिंडं तयार ठेवतं, म्हणजे कोविडच्या काळात घरोघरी पोहोचलेल्या अँटिबॉडी. नवल म्हणजे त्यासाठी परकं रक्त अंगात जावंच लागत नाही. बाळ काही महिन्यांचं होतं तोवर त्या बनू लागतात. आतड्यातल्या जिवाणूंच्या अंगावर तशाच साखरा असतात आणि शरीर त्यांच्याकडूनच हा धडा घेतं, असं मानतात. चुकीचं रक्त चढलं तर ही प्रतिपिंडं पेशींना चिकटतात, पेशी फुटतात, सांडलेलं हिमोग्लोबिन मूत्रपिंडांवर येतं आणि जीव जाऊ शकतो.

बॉम्बे गटाच्या माणसाकडे पायाची एच माळच नसते. त्याच्या शरीराला ओ रक्तसुद्धा परकं. मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा गट शोधला आणि १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याची नोंद केली.

तो ओळखण्यात एक मेख आहे. प्रयोगशाळेत पांढऱ्या टाइलवर रक्ताचे थेंब ठेवतात, एकात निळ्या बाटलीतलं अँटी-ए, दुसऱ्यात पिवळ्या बाटलीतलं अँटी-बी मिसळतात. जिथे दह्यासारख्या गुठळ्या होतात तो गट. बॉम्बेत दोन्ही थेंब गुळगुळीतच राहतात, अगदी ओसारखे. म्हणून उलटी तपासणीही हवी: त्या माणसाचा रक्तद्रव घेऊन त्यात ओ गटाच्या पेशी मिसळायच्या. ओवाल्याच्या रक्तद्रवात काही होणार नाही, बॉम्बेवाल्याच्या रक्तद्रवात गुठळ्या होतील.

यात घरंही अडकतात. आईवडील दोघांच्या कार्डावर ओ आणि मूल ए, असं झालं की नको ते संशय सुरू होतात. खरं तर दोघांपैकी एक जण बॉम्बे असू शकतो. त्याच्याकडे ए चं जनुक असतं, पण साखर जोडायला पायाची माळ नसते. मुलाला दुसऱ्या पालकाकडून एच मिळते आणि लपलेलं ए दिसू लागतं. अशा घरात बोट दाखवण्याआधी उलटी तपासणी करून घ्या, असं मी कळकळीने सांगेन.

भारतात साधारण १०,००० जणांमागे एक जण या गटाचा, असं धरतात. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची वस्ती १८ लाखांवर होती, म्हणजे त्या हिशेबाने शहरात पावणेदोनशेच्या आसपास माणसं. त्यांच्या लाल पेशी, पॉझिटिव्ह-निगेटिव्ह जुळलं तर, ए, बी, ओ कुणालाही चालू शकतात. त्यांना मात्र आपल्याच गटाचं रक्त लागतं. शिबिरातली नेहमीची पिशवी ३५ दिवस टिकते, त्यामुळे अशा रक्ताचा साठा फ्रीजपेक्षा फोन नंबरांच्या यादीतच जास्त असतो. नवा बॉम्बे रुग्ण सापडला की रक्तपेढीवाले आधी सख्ख्या भावंडांना बोलवायला सांगतात. आईवडील दोघांकडून दोष आलेला असेल, तर प्रत्येक भावंडाचाही तोच गट असण्याची शक्यता चारात एक असते.