साइड-माउंट की बॉटम-माउंट? रेसिंग सीट आधी उलटी करून बघा

समोरून पाहिलं तर दोन्ही सारख्याच दिसतात. तळाला चार भोकं असली तर सीट बॉटम-माउंट. दोन्ही कुशींना दोन-दोन असली तर साइड-माउंट. एकीचे ब्रॅकेट (सीट गाडीला जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या) दुसरीला चालत नाहीत, आणि जोडपट्ट्या वेल्ड करून 'बसवून देणाऱ्या' कारागिराला मी तरी स्पष्ट नकार देईन.

बॉटम-माउंट सीट स्लायडरवर, म्हणजे मागे-पुढे सरकणाऱ्या दोन रेलवर बसते. घरातले दोघे-तिघे गाडी चालवत असतील तर हीच घ्या. मात्र सीट सरकवून लिव्हर सोडलात की पाय टेकून मागे जोरात रेटा. दोनपैकी एकाच रेलची खिट्टी बसली असेल, तर सीट तिरकी हलते. ब्रेक मारताना हे कळणं फार महागात पडेल.

साइड-माउंटची खरी गंमत ब्रॅकेटमध्ये आहे. सीट दोन उभ्या पट्ट्यांच्या मधोमध उतरते, म्हणून बूड खाली जातं आणि हेल्मेटला छतापाशी जागा मिळते. सीटची पाठ वेगळी मागे कलत नाही. कलतं ते सीटचं अख्खं कवच, आणि ते पट्टीतल्या भोकांवर ठरतं. पुढचा बोल्ट मागच्यापेक्षा एखादं भोक वर घ्या. मांड्यांना आधार मिळतो आणि जोरात ब्रेक लागला तरी कंबर सीटबेल्टखालून पुढे घसरत नाही. बोल्ट आधी हातानेच फिरवा, हेल्मेट घालून बसा. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला हवा. खांदे सीटच्या पाठीला टेकलेले असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर सहज पोचायला हवं. एवढं जमलं की मगच पाना लावा.

स्पर्धेसाठी एफआयएचे (मोटर स्पर्धांची आंतरराष्ट्रीय संघटना) नियम कडक आहेत: सीटला चार ठिकाणी पकड, बोल्ट किमान 8 मिमीचे, ब्रॅकेट स्टीलचे असतील तर 3 मिमी जाड, हलक्या मिश्रधातूचे असतील तर 5 मिमी. 8855-1999 मानकाची सीट उत्पादनापासून 5 वर्षं चालते, 8862-2009 ची 10. जुनी सीट स्वस्तात मिळाली तर आधी लेबल वाचा.

रस्त्यावरच्या गाडीत आणखी एक गोष्ट बघा. मूळ सीटमध्ये साइड एअरबॅग असेल, तर सीटबरोबर तीही जाते. आणि बऱ्याच गाड्यांत बेल्टचं बकल सीटच्याच सांगाड्याला असतं. ते कुठे, कशाला पक्कं करणार, हे ठरल्याशिवाय जुनी सीट काढू नका.