मेंदूतला निचरा दिसू लागला तो असा

शरीराच्या बहुतेक अवयवांत पेशींभोवतीचा जादा द्रव आणि त्यातली टाकाऊ प्रथिने लसीकावाहिन्या गोळा करून नेतात. मेंदूच्या गाभ्यात अशा वाहिन्या नाहीत. मग दिवसरात्र राबणाऱ्या या अवयवाचा कचरा जातो कुठून? प्रश्न जुना आहे. उत्तर अडून राहिले ते पाहण्याच्या साधनांपायी.

१९८५ मध्ये पॅट्रिशिया ग्रेडी, मार्शल रेनेल्स आणि सहकाऱ्यांनी प्राण्यांच्या मेंदूभोवतीच्या द्रवात खूण म्हणून एक प्रथिन सोडले. काही मिनिटांतच ते रक्तवाहिन्यांच्या कडेकडेने खोलवर पोचले होते. पण हे कळायला मेंदू काढून त्याचे काप करावे लागत. वाहता प्रवाह पाहायची सोय नव्हती. इतके मोलाचे निरीक्षण पुढे कित्येक वर्षे बाजूला पडले, याची हळहळ वाटते.

२०१२ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठात जेफ्री इलिफ, मायकेन नेडरगार्ड आणि त्यांच्या गटाने जिवंत उंदरांच्या मेंदूत, जिवंत ऊतीत खोलवर पाहू शकणाऱ्या दोन-फोटॉन सूक्ष्मदर्शकाखाली, हा प्रवाह पाहिला. द्रव धमन्यांच्या कडेने आत येतो, ॲस्ट्रोसाइट या मेंदूतल्या आधारपेशींवरच्या ॲक्वापोरिन-४ या पाण्याच्या वाटांमधून पसरतो आणि शिरांच्या कडेने बाहेर पडतो, अशी त्यांची मांडणी. या वाटा नसलेल्या उंदरांत अमायलॉइड-बीटाचा निचरा मंदावला. अल्झायमरमध्ये साचते ते हेच प्रथिन! निचऱ्याच्या या व्यवस्थेला मिळालेले ‘ग्लिम्फॅटिक’ हे नाव तेव्हाचे. दोन वर्षांनी म्हाताऱ्या उंदरांतही निचरा बराच घटलेला आढळला.

माणसासाठी उरतो एमआरआय. ओस्लोत गाइर रिंगस्टाड आणि पेर क्रिस्टियान आइडे यांनी कमरेतून पाठीच्या द्रवात एमआरआयवर उठून दिसणारे गॅडोलिनियमयुक्त औषध सोडून तासन्‌तास त्याचा माग काढला. नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस या, मेंदूच्या पोकळ्यांत द्रव साचण्याच्या आणि स्मृतिभ्रंशाशी निगडित आजारात ते रेंगाळलेले दिसले (२०१७). माणसातला हा सगळ्यात थेट पुरावा, असे मला वाटते. पण कमरेत सुई टोचावी लागते, त्यामुळे सरसकट तपासणीला हा मार्ग चालत नाही.

त्याच वर्षी जपानमध्ये तोशिआकी ताओका आणि सहकाऱ्यांनी सुईशिवायची पद्धत मांडली. डीटीआय-एएलपीएस या, एमआरआयवरूनच काढायच्या निर्देशांकात, मेंदूच्या पोकळ्यांशेजारी, रक्तवाहिन्यांच्या दिशेने पाण्याचे रेणू किती सहज सरकतात ते मोजतात. अल्झायमरच्या रुग्णांत स्मृतिचाचणीचे गुण कमी, तिथे हा आकडाही कमी निघाला. सोपी असल्याने पद्धत झपाट्याने पसरली. मात्र ती मोजते पाण्याचे सरकणे, कचऱ्याचे बाहेर पडणे नव्हे. निचरा तुंबल्याने आकडा उतरला, की तिथले मज्जातंतू झिजल्याने, हे त्या एका आकड्यावरून सांगता येत नाही.