अठ्ठेचाळीस चहा, शंभर उंदीर

जपान फिरून आलेले बरेच जण म्हणतात, तिथले जुने रंग किती शांत ना, स्वभावच तसा त्यांचा. मला हे नाही पटत. त्या रंगांमागे सरकारी बंदी आहे आणि बंदीतून वाट काढणारी साधी माणसं आहेत.

एदो काळात, म्हणजे 1603 ते 1868, शोगुनच्या, म्हणजे तेव्हाच्या लष्करी सत्ताधाऱ्याच्या सरकारने व्यापारी-कारागिरांनी काय घालायचं याचे हुकूम परत परत काढले, रेशीम नको, भडक लाल नको, जांभळा नको. लाल रंग निघायचा बेनिबानाच्या फुलांतून, आणि बेनिबाना म्हणजे आपली करडईच बरं का, जिचं आपण तेल काढतो, तर ती फुलं यामागाता भागातून क्योतो शहराला जायची आणि तो लाल भयंकर महाग पडायचा. जांभळा तर कितीतरी आधीपासून दरबारी लोकांचा. मग उरलं काय, तपकिरी, राखाडी आणि निळा.

पण लोकांनी त्यातच इतक्या छटा काढल्या की 'शिजूहाच्चा ह्याकुनेझुमी' असं म्हणायलाच लागले, अठ्ठेचाळीस चहा, शंभर उंदीर! चहा म्हणजे तपकिरी, उंदीर म्हणजे राखाडी, आकडे नुसते 'पुष्कळ' या अर्थाने. राखेवरून पडलेला शब्द जपानीतही आहे, हाइइरो, पण एदो म्हणजे आजचं टोकियो सगळं लाकडी, सारख्या आगी लागायच्या, 1657 च्या आगीत तर निम्म्याहून जास्त शहर गेलं, म्हणून राखेचं नाव नको वाटायचं, त्यापेक्षा उंदीर बरा, असं सांगतात. काही छटांना काबुकी या जपानी नाटकातल्या नटांची नावं मिळाली, दांजूरोचा, रोकोचा वगैरे, नटाने घातलं की गावभर तीच फॅशन. आणि ज्यांच्याकडे पैसा होता ते वरून साधा किमोनो आणि आतून भारी रंगीत अस्तर लावायचे, मला हे फारच आवडतं.

निळ्याची गोष्ट वेगळी. जपानच्या तोकुशिमा भागात योशिनो नदीला पूर यायचे, भात हाती लागेलच असं नाही, पण निळीचं झाड वादळांच्या आधीच कापता यायची आणि पुराचा गाळ त्याला मानवायचा. वाळलेली पानं साधारण 100 दिवस कुजवून 'सुकुमो' करतात, तोच रंगाचा कच्चा माल. एदोनंतरच्या मेइजी काळात आपल्याकडची, म्हणजे भारतातली स्वस्त नीळ तिथे पोचली, मागून जर्मनीची केमिकलवाली आली आणि हा धंदा बसला. आज सुकुमो करणारी मोजकीच घरं राहिलीत. तोकुशिमाला गेलात तर आइझुमी गावातल्या 'आइ नो याकाता' म्युझियममध्ये नक्की जा, तिथे स्वतःच्या हाताने रुमाल रंगवता येतो, निळीतून काढल्यावर आधी हिरवट दिसतो आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळा होतो.